लॉरेटाचा विमा

लॉरेटा यादविगाबाईंच्या पाठीला साबण लावत होती, तेव्हा बाहेर टीव्हीवर त्यांचा मुलगा बोलत होता. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यातून संततिनियमनाच्या गोळ्या द्यायलाच हव्यात, हा सरकारचा हुकूम आपण मानणार नाही, असं तो सांगत होता. वेळ आली तर चर्चच्या संस्थांमधला विमाच बंद करू, पण पापाला हातभार लावणार नाही.

"तादेक ना तो?" म्हातारीनं विचारलं. "काय म्हणतोय?"

"विम्याचं बोलताहेत," लॉरेटा म्हणाली आणि तिच्या खांद्यांवर पाणी सोडलं.

तादेक म्हणजे बिशपसाहेब, त्या भागातल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख. ओहायोतल्या सरोवराकाठचा तो वृद्धाश्रम त्यांच्याच चर्चचा होता. लॉरेटाची उमेदीची सगळी वर्षं तिथे म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्यात गेली होती. तिचा नवरा स्टॅन याला मध्यंतरी दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं होतं. ते टिकावं म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ औषधं लागत, आणि ती लॉरेटाला आश्रमाकडून असलेल्या विम्यावर मिळत. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून स्टॅन घरीच होता.

स्टॅन मात्र बिशपसाहेबांच्या बाजूचा. तत्त्व म्हणजे तत्त्व, असं म्हणून तो विषय मिटवून टाकायचा. लॉरेटानंही वाद घातला नाही. पण एके दिवशी कॉफीचा रिकामा डबा घासायला घेतला, तर आत त्याच्या गोळ्या. तो संध्याकाळच्या गोळ्या घेतच नव्हता, पुढच्या दिवसांसाठी साठवत होता. ती ओरडली, रडली.

ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात; अशाच एका शुक्रवारी बिशपसाहेब आईसाठी तळलेले मासे घेऊन आले. लॉरेटानं म्हातारीच्या गळ्याशी रुमाल बांधला. जायला वळली, पण पाय निघेना.

"बिशपसाहेब, माझा नवरा औषधं अर्धीच घेतो. तुम्ही विमा बंद कराल म्हणून साठवून ठेवतोय. आणि वर तुमचीच बाजू घेतो."

त्यांच्या हातातला काटा तसाच राहिला. "ते मी सरकारला सुनावलं होतं, लॉरेटा. तुम्हाला नव्हे."

"पण ऐकलं आम्ही."

यादविगाबाईंनी मुलाकडे नुसतं पाहिलं. बिशपसाहेबांनी विचारलं ते एवढंच, की तुम्ही राहता कुठे?

शनिवारी दुपारी ते एकटेच आले. स्टॅन बनियनवर होता; तो शर्टासाठी धावला आणि बटणं वरखाली लावून परत आला. लॉरेटा नुकतीच कामावरून आली होती. तिनं कॉफी ठेवली. स्वयंपाकघरातल्या डगमगत्या खुर्चीवर बसून बिशपसाहेब हळू आवाजात बोलले. हुकूम त्यांना आजही मान्य नव्हता, त्यासाठी ते कोर्टाची पायरी चढणारच होते. हरलो तर दंड चर्च भरेल, इमारती विकाव्या लागल्या तरी. पण कुणाचाही विमा बंद होणार नाही. उद्या प्रार्थनेनंतर ते हे सगळ्यांसमोर सांगणार होते.

"तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो," ते म्हणाले. "आता गोळ्या नीट घ्या, स्टॅन. माझी बाजू घ्यायला धडधाकट माणसं लागतील मला."

स्टॅन कसंनुसं हसला. डॉक्टरांना खरं सांगून सोमवारी रक्त तपासून घेतो, असं त्यानं कबूल केलं.

त्यांना गाडीपर्यंत पोचवून तो परतला, तेव्हा लॉरेटा कोट न काढताच खुर्चीत झोपी गेली होती. तोंड किंचित उघडं होतं, एक हात टेबलावर सैल पडला होता. कित्येक आठवड्यांत तिला अशी गाढ झोप लागली नव्हती. स्टॅननं तिला हाक मारली नाही. टेबलाचा आधार घेत तो सावकाश जमिनीवर बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.