शिंप्याची दहावी गोळी

खंदकमामा गोष्टीला हात घालण्यापूर्वी नेहमी बजावत, की यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. मग ते खुर्ची दाराकडे सरकवून बसत, म्हणजे ऐकणाऱ्याला मधूनच उठून जायची सोय उरत नसे.

त्या दुपारी ऐकणारी एकच होती. चाळिशीची बाई, शिवणकामाचं दुकान तसंच टाकून आलेली. मनगटावरची टाचण्यांची गादी काढायचंही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. नेमबाजी पथकाच्या व्हरांड्यात आजवरच्या प्रमुखांचे फोटो लागायचे होते, आणि प्रत्येकाखाली एक पाटी: लष्करात येण्याआधी गडी काय करत होता, नि प्रमुख कसा झाला. सगळ्यांना डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच उरला होता, म्हणून मजकूर मामांनी सांगायचा आणि घरच्यांनी वाचून सही करायची. बाई तिसऱ्या प्रमुखांची मुलगी. तिच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘पूर्वी शिंपी. निवडीच्या दिवशी दहापैकी दहा.’ खाली सहीची जागा कोरी.

मामांनी तिला आधी पहिल्या दोघांकडून फिरवून आणलं. पहिले प्रमुख घड्याळजी. ते चाप ओढायच्या बेतात आले की कचेरीतलं घड्याळ थांबे, आणि गोळी लागली की आपणहून चालू होई. त्यामुळे चांगल्या सरावाच्या दिवशी पथकाला जेवायला तासभर उशीर व्हायचा. दुसरे गणिताचे मास्तर. ते वाऱ्याचं गणित पाटीवर मांडत, आणि उत्तर जुळलं नाही तर वाऱ्याकडे चष्म्यावरून असं बघत, की तो बिचारा मुकाट दिशा बदले.

बाई हसली नाही. मामांना हे सवयीचं नव्हतं.

“बाबांचं सांगा, मामा,” ती म्हणाली. “म्हातारपणी परत मशीनवर बसले होते ते. निम्मी शिवण झाली की पाय थांबवायचे, बोट वर करायचे आणि कान देऊन ऐकायचे. मग विचारायचे, लागली का? शेवटच्या आठवड्यात तर तेवढंच विचारत होते. काय लागली, ते कुणाला कळलं नाही.”

तो प्रश्न मामांच्या ओळखीचा होता. फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो ऐकावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी खंदकापासून सुरुवात केली. नेमबाज तीनशे पावलांवर पालथा पडलेला असतो आणि टार्गेट उभं असतं खंदकाच्या वर. खाली मामा. गोळी गेली की दोर ओढून टार्गेट खाली घ्यायचं, भोक शोधायचं, त्यावर कागदाचं ठिगळ खळीने चिकटवायचं, ठिगळावर पेन्सिलीने गोळीचा आकडा घालायचा आणि टार्गेट पुन्हा वर सोडायचं. मग लांब काठीवरची चकती वर करून दाखवायचं की कुठे लागली. चुकली तर लाल झेंडी. नेमबाजाला तेवढ्यावरूनच कळतं. खंदकातला माणूस सांगेल ते खरं.

निवडीच्या दिवशी दोघे उरले होते, एक शिंपी आणि एक सुतार. जो जिंकेल तो प्रमुख होऊन इथेच राहणार. जो हरेल तो दुसऱ्या दिवशी तुकडीबरोबर आघाडीवर जाणार. सुताराच्या नऊ गोळ्या काळ्यात, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळात, बसल्या, दहावी काठाला लागली. शिंप्याच्याही नऊ काळ्यात. दहावी उरली.

इथपर्यंत मामा खरं सांगत होते, आणि खरं सांगायची सवय नसल्यामुळे त्यांना घाम फुटला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी गाळली. त्या सकाळी शिंपी खंदकात उतरून त्यांना सांगून गेला होता, की मुलगी झाली आहे, आठ दिवसांची आहे, आणि आपण अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. सुताराच्या मागेपुढे कुणी नव्हतं.

दहावी गोळी डोक्यावरून गेली, चाबूक ओढल्यासारखी. मामांनी दोर खेचला. त्यांनी काय पाहिलं, किंवा काय पाहिलं नाही, ते चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही. टार्गेटवर नवं भोक नव्हतं. मागच्या मातीच्या बांधावर धूळसुद्धा उडालेली नव्हती. ती गोळी बंदुकीतून निघाली होती आणि कुठेच पोचली नव्हती. मामांच्या हाताने आधी चकती उचलली, मग डोक्याला काय ते समजलं. तीन महिन्यांनी सुताराची बातमी आली. तेव्हापासून वारा पडला की मामांना तो चाबूक ऐकू येई, न्हाव्याच्या खुर्चीत, दूध उतू जाताना, कुठेही. आणि हात काठी शोधायला लागत.

सुताराची बातमी आली त्या दिवशी शिंपी पुन्हा खंदकात उतरला होता आणि त्याने एवढंच विचारलं होतं, “लागली का?” तेव्हा मामांनी जे उत्तर दिलं, तेच आज घासूनपुसून मुलीपुढे ठेवलं.

“पोरी, दहावी गोळी नवव्या गोळीच्या भोकातून आरपार गेली,” मामा म्हणाले. “केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बंदुकीच्या इतिहासात हे झालेलं नाही, आणि मी बघितलं. म्हणून एकाच ठिगळावर दोन आकडे घातले. कर सही.”

बाईने पिशवीतून घडी घातलेला जाड कागद काढला. बाबांच्या मशीनच्या खणात, अस्तराच्या तुकड्यांखाली सापडला होता तो. प्रमुखांनी आपलं जिंकलेलं टार्गेट भिंतीवर न लावता तिथे लपवून ठेवलं होतं. तिने तो टेबलावर पसरला. नऊ ठिगळं होती आणि शेवटच्यावर मामांच्या अक्षरात दोन आकडे, नऊ आणि दहा.

“बघ,” मामा म्हणाले. “म्हटलं नव्हतं?”

तिने गादीतली एक टाचणी उपसली आणि ठिगळाची कड अलगद उचलून पाहिली. मग कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. बाहेर वारा पडला होता. तो चाबूक ऐकू येऊ नये म्हणून मामांनी जोरात खाकरून पाहिलं.

“हे ठिगळ तुम्ही नवव्या गोळीनंतर लावलं ना?” तिने विचारलं.

मामांनी मान डोलावली.

“मग दहावी इथून गेली असती तर हे फाटलं असतं. ठिगळ एकच आहे, खाली दुसरं नाही, आणि तुमचा नवाचा आकडा जसाच्या तसा आहे. मी नुसती शिंप्याची मुलगी, तरी मला दिसलं, मामा, आणि बाबा तर शिंपीच होते, त्यांना कधीच दिसलं असणार. ती गोळी लागलीच नाही.”