पडद्यामागची रास

बुधवारी सकाळपासून पुंजारामअण्णांना एका जागी बसवेना. ओट्यावर टेकले, उठले. गोठ्यात जाऊन म्हशीला "काय गं?" असं विचारून आले. म्हशीला काही सांगायचं नव्हतं. मग त्यांनी चहा मागितला आणि तो येईपर्यंत रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सून आरती कप धरून "मामा, चहा!" म्हणून ओरडली, तेव्हा अण्णा म्हणाले, "कुनी मागितला?"

या अस्वस्थपणाचं कारण आत स्वयंपाकघरात पाय पसरून शेंगा फोडत होतं. ते म्हणजे कडूबाई, अण्णांची बायको. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा दारात लावलेल्या मोटारसायकलला ती "या, बसा की" म्हणाली, आणि मोटारसायकल बसेना म्हणून तिला रागही आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आजी, आणखी पिकू दिलंत तर मग माझा इलाज चालायचा नाही. दर गुरुवारी कोल्हारच्या स्टँडवर डोळ्यांच्या शिबिराची जीप यायची, पेशंट गोळा करून नगरला न्यायची, आणि पट्टी बांधून परत सोडायची. कडूबाईनं दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. कारण एकच, "भविष्यात नगं म्हनलंय." उद्याच्या गुरुवारची जीप शेवटची. त्यानंतर शिबिर कधी, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

कडूबाई शेंगांइतकाच भविष्यावर विश्वास ठेवायची. 'दैनिक खणखणाट' हल्ली कागदावर कमी आणि मोबाईलवर जास्त निघतो. आरती रोज सकाळी तो उघडून सासूला रास वाचून दाखवायची आणि मगच घरात चूल, म्हणजे गॅस, पेटायचा.

हे भविष्य दुसऱ्या कुणी लिहिलेलं असतं, तर अण्णांनी त्याला चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. पण अडचण अशी होती, की ते अण्णांनीच लिहिलेलं होतं.

ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. अण्णा तर रोजच जातात. विशीत असताना ते एका फिरत्या तंबूच्या टॉकीजमध्ये पुकारा करायचे. राजूरच्या बाजारापासून नेवाशाच्या जत्रेपर्यंत टांग्यात बसून, कर्ण्यात तोंड घालून गावंच्या गावं उठवायचे. "विसरू नका! चुकवू नका! मागून हळहळू नका!" हे त्यांचं ठरलेलं पालुपद. टांग्यामागं पोरासोरांची फौज पळायची. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. बायकांना सगळा सिनेमा उलटा दिसायचा. नायक उजव्या हातानं तलवार चालवायचा, पण बायकांच्या लेखी तो डावखुरा. कडूबाई लहानपणापासून पडद्यामागं बसलेली, त्यामुळे लग्नाला साठ वर्षं होत आली तरी हे भांडण मिटलेलं नव्हतं.

"डावखुरा हुता त्यो."

"अगं, मी पुढून बघितलाय!"

"आन् मी काय डोळं मिटून बसले हुते?"

अण्णांची दुसरी एक करामत होती. तंबूत गर्दी मावेनाशी झाली, की मालक अण्णांना खूण करायचा. अण्णा कर्ण्यातून गंभीर आवाजात सांगायचे, "बाहेर एका गाडीची बैलं सुटली आहेत. मालकानं बघून घ्यावं." अर्धा तंबू रिकामा व्हायचा. बैल कुणाचा, कसल्या रंगाचा, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पुढं घरोघरी टीव्ही आले आणि तंबू गेला. त्याच सुमारास 'खणखणाट' निघाला. तो काढला आताचा मालक भागवत याच्या वडिलांनी. त्याचे ज्योतिषी लेकीकडं पुण्याला गेले ते आलेच नाहीत. हे त्यांच्या स्वतःच्या भविष्यात नसावं. "पुंजाराम, दोन दिवस तू भागव," असं म्हणत भागवतच्या वडिलांनी अण्णांकडून दोन वर्षं लिहून घेतलं. नाव छापायचं 'पंडित त्रिनेत्र'. अण्णांना ग्रहांची ओळख नव्हती, पण जाहिराती तोंडपाठ होत्या. 'आज शेवटचा खेळ' याचं झालं 'धनु : आज शेवटची संधी'. 'नायिकेच्या दुःखानं पदर भिजतील, येताना रुमाल आणा' याचं झालं 'वृश्चिक : सर्दीपासून जपा'. लोकांना ते पटायचं. वृश्चिकवाले खरंच शिंकायचे.

पुढं अण्णांना कंटाळा आला. भागवतला मात्र आला नाही. तो आजतागायत तेच जुने गठ्ठे काढून, इकडची रास तिकडं करून छापत होता.

बुधवारी संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे 'खणखणाट'च्या कचेरीत गेले. रोज चहाला जात, आज कामाला गेले.

"भागवत, उद्याच्या मिथुनेला मी सांगतो ते टाक."

"अण्णा, इतक्या वर्षांनी ग्रह फिरले का काय?"

"तुझी काकू फिरंना म्हनून ग्रह फिरवायचेत. लिही. डोळ्यांच्या कामाला आजच्यासारखा दिवस नाही. दारी आलेली गाडी सोडू नका."

"खाली विसरू नका, चुकवू नका टाकू?"

"टाक. आपली खूण हाय ती."

गावाकडं जन्मवेळ कुणाची लिहिलेली नसते. कडूबाई जन्मली ती ज्वारीच्या काढणीत. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून नाव कडू ठेवलं, एवढीच तिची कुंडली. अशा माणसांची रास नावाच्या पहिल्या अक्षरावरून धरतात. क ची मिथुन. हिशोब सरळ होता. अण्णा त्या रात्री झोपले, पण कूस बदलत.

गुरुवारी ते उजाडल्यापासून ओट्यावर कान टवकारून बसले. आत मोबाईलची टुणटुण झाली. आरतीचा आवाज आला.

"आत्या, आलं बघा. कन्या. घरच्या लक्ष्मीला घराबाहेर पाठवू नका."

"झालं," कडूबाई म्हणाली. "ती पिशवी ठेव वर."

अण्णा चप्पल घालूनच आत घुसले. "कन्या कशाला वाचली? कन्या माझी हाय! पु ची कन्या! तुझी मिथुन. आरती, मिथुन वाच!"

"मामा, पण आत्यांना मी रोज कन्याच वाचते," आरती गोंधळून म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापास्नं."

"माझी रास घिऊन मी काय करू?" कडूबाईनं शेंग फोडली. "मी तुमचीच आयकते."

"अगं, पर ती माझी रास!"

"म्हनून तर. तुमी सोताच्या राशीला जे लिहिता, ते तुमच्या मनातलं. बाकीच्या अकरांना काय लिहिता, त्याच्याशी मला काय करायचंय?"

अण्णा पाटावर बसले. बुधवारपासून ते पहिल्यांदाच नीट बसले होते.

"मी लिहितो म्हनून कुनी सांगितलं तुला?"

"टांग्यामागं पळलेली हाय मी," कडूबाई म्हणाली. "विसरू नका, चुकवू नका. राशीखाली हे दुसरं कोन लिहील? आन् रोज सांजच्याला भागवताकडं जाता, ते काय चहा प्यायला?"

ते खरोखरच चहा प्यायला होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अण्णांना ते सांगायची लाज वाटली.

"पहिल्या खेपेला कन्येला आलं, जवळच्या मानसाचा दुरावा. दुसऱ्या खेपेला, प्रवास टाळा. आज हे. म्हनलं, भ्यालंय मानूस. तोंडानं बोलवत न्हाई, तर पेपरात लिहितंय. मग मी कशी जाऊ? एक डाव तर तुमी माझ्यासाठी कायतरी लिहिलं."

आरती हळूच उठून म्हशीकडं गेली.

अण्णांनी सगळं सांगितलं. पंडित त्रिनेत्र, भागवतचे गठ्ठे, फिरणाऱ्या राशी. घरच्या लक्ष्मीची ओळ ही एका कौटुंबिक सिनेमाची जाहिरात होती आणि तिचा अर्धा भाग जागेअभावी कापला होता. पुढचा भाग असा : 'पाठवलीत तर काय होईल? पाहा आजच, सहकुटुंब!'

टरफलांचा ढीग कडूबाईनं हातानं चाचपून एका बाजूला केला.

"म्हंजी तुमाला मी जायला पायजे?"

"पायजे!"

"मग तसं तोंडानं सांगा की. साऱ्या मुलखाला कर्न्यातनं सांगितलं. घरात एक शब्द न्हाई."

अण्णांनी घसा खाकरला. कर्ण्यात हजार माणसांपुढं न अडखळलेला घसा पाटावर बसून अडखळला. "चल," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय, ते खरं हाय. पर चल. मी हाय संगट."

"आयकू न्हाई आलं."

"चल म्हनलं ना!"

"हां. आता कसं!" कडूबाईनं हात पुढं केला. "पिशवी आना."

दोघं स्टँडवर पोचले, तेव्हा जीप उभी होती आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हर आसाराम दार दाबून लावायचा प्रयत्न करत होता.

"अण्णा, जागा न्हाई हो. कधी न्हाई ती झुंबड आज."

अण्णांनी आत डोकावलं. काशिनाथ, किसन, कचरू, कोंडाजी, झाडून सगळे क वाले. गावात क इतका माजलेला आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. खिडकीशी शेजारचा छगन बसला होता. छ ची रासही मिथुनच. नदीपलीकडच्या उसात कुणाचं डुक्कर शिरलं तर ते या छगनला आपल्या अंगणातून दिसायचं.

"छगन, तुझ्या डोळ्याला काय झालं?"

"अजून तरी काय न्हाई, अण्णा. पर भविष्यात लिवलंय, दारी आलेली गाडी सोडू नका. म्हनलं, फुकट हाय, दाखवून ठिवावं."

"अरे, हिला खरंच दिसत न्हाई!"

"मग काकूंची रास काय?" किसननं मागून विचारलं. "मिथुन असंल तर आमी सरकून घेतो. दुसरी असंल तर उगाच पापात पडू नका."

जीप हलली, तर कडूबाईचे डोळे गेले. दार शेवटी कसंबसं लागलं. आसाराम गाडीत चढला आणि त्यानं चावी फिरवली. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. कडूबाईचा हात सोडून ते ओट्यासारख्या एका दगडावर चढले. दोन्ही तळहात तोंडाशी धरून त्यांनी कर्णा केला.

"कोल्हारकर बंधू-भगिनींनो!" आवाज नदीपर्यंत गेला असावा, कारण पाणवठ्यावरचे बगळे उडाले. "थ्री फेज लाईट आलेली आहे! ज्यांच्या मोटारी बंद आहेत, त्यांनी बघून घ्यावं! विसरू नका! चुकवू नका! मागून हळहळू नका!"

ज्याच्या शेतात पंप आहे, त्याला दिवसाची थ्री फेज लाईट, म्हणजे पंप चालवणारी वीज, किती मोलाची हे सांगायला नको. ती कधी येते आणि कधी जाते, हे पंडित त्रिनेत्रालासुद्धा कळलं नव्हतं. छगन खिडकीतून उतरला. दारातून उतरायला त्याला सुचलं नाही. किसन, कचरू, कोंडाजी एकमेकांच्या पायावर पाय देत शेताकडं पळाले. काशिनाथची एक चप्पल जीपमध्येच राहिली. ज्यांना खरंच दिसत नव्हतं, अशी चार म्हातारी माणसं तेवढी जागेवर बसून राहिली.

"बसा काकू," आसाराम म्हणाला. "अण्णा, तुमी पन बसा. पर लाईट खरंच आली का हो?"

"गाडी हाक," अण्णा म्हणाले.

प्रवरेचा पूल आला. खाली पाणी थोडं आणि वाळू, उपसून नेल्यामुळे, त्याहून थोडी. कडूबाई पाण्याच्या दिशेनं तोंड करून बसली होती, पण तिला पाणी दिसत नव्हतं. पिशवी मांडीवर आणि ओठांवर हसू.

"बैलं सुटली म्हनायचा, ते तुमीच ना? आमचा बा दरवेळी पळायचा. एकाही सिनेमाचा शेवट त्यानं बघितला न्हाई."

"तुझा बा हुता त्यो?"

"यंदाच्या जत्रेत तंबू येनार हाय म्हनं. जुन्या मानसांसाठी. मी पुढनं बघनार."

"बघ की. मग कळंल, तलवार कुठल्या हातात हुती ते."

"आन् तुमी मागं बसायचं. बायकांत."

अण्णांनी यावर विचार केला आणि मान डोलावली. ती तिला दिसली नाही, म्हणून त्यांनी तोंडानं "बसतो" म्हणून सांगितलं. मग डॉक्टर टोचताना सांगतात का, पट्टी किती दिवस, एक डोळा झाल्यावर दुसरा कधी, असं त्यांनी आसारामला विचारायला सुरुवात केली. आसाराम म्हणाला, "अण्णा, मी गाडी चालवतो, डोळे न्हाई." तेव्हा ते गप्प झाले, पण त्यांचा गुडघा गप्प होईना. राहुरी गेली तरी तो हलतच होता. शेवटी कडूबाईनं चाचपून तो शोधला आणि त्यावर आपली पिशवी ठेवली.