राणीला नाव विचारणारा माणूस

मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नाही. निळी पडली होती. माझ्या सासूनं, बातनोआमनं, तिला पालथी घेऊन पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली आणि आपल्या फिनिशियन बोलीत देवीला ओरडून म्हणाली, "मिल्कत! हिला ठेव. माझ्या हातानं तुझ्या दगडाला तेल लावीन, अशीच हाक मारीन!" मग ही रडली. आता इतकी रडते की शेजारीण भिंतीवर थापा मारते.

आज नवस फेडायला पॅफोसच्या देवळात आलो. नवरा तांब्याच्या खाणीवर, त्यामुळे आम्ही तिघीच.

दारात तेलाच्या रांजणाशी नवा कारभारी बसला होता, राजानं अलेक्झांड्रियाहून पाठवलेला कॅलिक्लीस. तो प्रत्येकीला विचारायचा, "कुणाच्या नावानं?" आणि मगच पळीभर तेल द्यायचा.

"राणीच्या," आमच्या पुढची म्हातारी म्हणाली.

"कुठली राणी? देवीला नाव आहे ना? अफ्रोडाइटी!"

"अहो, आईला कुणी नावानं हाक मारतं का?"

बाहेरच्यांनी अफ्रोडाइटी म्हणावं, तिच्यावर गाणी रचावीत. आत, त्या बिनचेहऱ्याच्या काळ्या दगडासमोर, आम्ही फक्त 'वानासा' म्हणतो. म्हणजे राणी. कुरकुरत का होईना, त्यानं म्हातारीच्या वाटीत तेल घातलं.

मग सासू पुढं झाली. "मिल्कतच्या नावानं."

पळी परत रांजणात गेली. "तुमच्या त्या फिनिशियन देवीला, अस्तार्तेला, तुमच्या गावी तेल घाला, आजीबाई."

"इम्मा, मिल्कत म्हणजे काय ते सांगा यांना," मी सासूला म्हणाले. तिच्या बोलीत आईला इम्मा म्हणतात.

"राणी. दुसरं काय असणार?"

मागं बायका फिदीफिदी हसल्या. कॅलिक्लीस लाल झाला. "मग ग्रीकमध्ये म्हण ना! एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

सासूचे ओठ हललेसुद्धा. नातीसाठी तिनं काहीही म्हटलं असतं. मी तिचं मनगट धरलं.

"नाही म्हणायचं. ज्या हाकेनं ही परत आली, तीच हाक."

"अगं पण तेल..."

"राहू दे त्यांचं तेल त्यांना."

"रिकाम्या हातांनी आत जाऊन काय करणार?" त्यानं विचारलं.

"वेदीवर रक्त सांडायचं नाही, एवढंच आम्हाला शिकवलंय. दुधाबद्दल कुणी काही बोललेलं नाही."

मी पोरीला खांद्यावर टाकलं, पदर सोडला आणि सगळ्यांदेखत सासूच्या ओंजळीत दूध पिळलं. कॅलिक्लीसनं मान फिरवली. तेवढ्यात आम्ही आत शिरलो.

काळ्या दगडावरून दूध ओघळत गेलं. सासूनं तोच ओला हात माझ्या पोरीच्या कपाळाला लावला. पोर चमकून तिच्याकडं बघत राहिली.

"मिल्कत!" सासू ओरडली. आवाज चिरकला, पण घाबरला नाही.

"शांत राहा! नाहीतर सगळ्यांना बाहेर काढीन!" दारातून कॅलिक्लीस.

ती मघाची म्हातारी माघारी वळली. भरलेली वाटी तिनं त्याच्यासमोर रांजणात उपडी केली.

"माझं दूध आटून जमाना झाला," ती म्हणाली, "पण हाक मारायला तेल कशाला हवं?"

आणि दगडाकडं तोंड करून, जन्मात पहिल्यांदा, तिनं हाक मारली, "मिलकाता!"

उच्चार साफ चुकला होता. सासूनं तो सुधारला नाही.