पाहुण्याचा आवाज

सोमवारी ऑर्विल क्लाइनच्या घशाचं ऑपरेशन होतं. कॅन्सर. स्वरयंत्रच काढणार, म्हणजे आवाज कायमचा गेला. आणि त्याआधीच्या शनिवारी दुपारी आमच्या गावच्या थेटरात त्याचा सिनेमा होता.

त्याचा म्हणजे काय, तर बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सिनेमात उडत्या तबकडीतून जो परग्रहावरचा पाहुणा उतरतो, त्याच्या रबरी पोशाखाच्या आत ऑर्विल होता. पडद्यावर त्याचं नाव नाही. पाहुण्याचं शेवटचं भाषणही त्याच्या आवाजात नाही. तो बोलला होता, पण कंपनीनं ते पुसून एका भारदस्त गळ्याच्या नटाकडून बोलून घेतलं. ओहायोच्या मक्याच्या शेतातला पोरगा परग्रहावरचा वाटत नाही म्हणे! जणू तिकडचे लोक न्यूयॉर्कात शिकून येतात.

मी व्हर्ना. त्या थेटरात एकोणतीस वर्षं प्रोजेक्टर चालवते.

"व्हर्ना, एक काम करशील?" शुक्रवारी तो वर केबिनमध्ये आला. आवाज आधीच खरखरीत झालेला.

"लग्न सोडून काहीही."

"तुझ्याशी लग्न? त्यापेक्षा कॅन्सर बरा. ऐक, शेवटचं भाषण आलं की आवाज बंद कर. मी पडद्यापुढं उभा राहून बोलतो. एकदा तरी माझ्या तोंडून लोकांच्या कानावर जाऊ दे."

"लोक ओरडतील, म्हाताऱ्या."

"ओरडू देत. रबरात गुदमरून मेलो नाही, ओरडण्यानं मरतोय होय?"

थेटर भरलं होतं. हा सिनेमा दरवर्षी लागतो आणि दरवर्षी भरतं. तबकडीची तार स्पष्ट दिसते, तरी डोक्यावर चंदेरी कागदाच्या टोप्या घालून आलेले बाप्ये शेवटी डोळे पुसतात. शहाणे लोक हसतात, म्हणतात, काय आहे त्या जुनाट खेळण्यात? अरे, ज्याला स्वतःच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर कुणी ओळख देत नाही, त्याला विचारा.

शेवटचं भाषण आलं. मी आवाज बंद केला. ऑर्विल पडद्यापुढं उभा राहिला, त्याच्या कोटावर पाहुण्याचा चेहरा हलत होता. त्यानं तोंड उघडलं.

आणि तीनशे माणसं एका सुरात गरजली, "आम्ही इथं राहायला आलो नव्हतो! दार कोण उघडतं, एवढंच बघायला आलो होतो!"

हे भाषण सगळं थेटर दरवर्षी सिनेमाबरोबर म्हणतं. मला माहीत नव्हतं? एकोणतीस वर्षं केबिनच्या काचेतून ऐकत आलेय! पण मी बटणाचा विचार केला, माणसांचा केला नाही. मशीन बिघडलं असं वाटून त्यांनी आणखी जोर लावला. सिनेमावरच्या मायेनंच. खाली ऑर्विलचे ओठ हलत होते आणि त्यातलं अक्षरही कुणाला ऐकू जात नव्हतं.

"आता दार लावून घ्या! बाहेर थंडी आहे!"

टाळ्यांनी छप्पर हाललं. मी धावत खाली आले, तर कागदी टोपीवाला एकजण त्याच्या पाठीवर थाप मारत होता, "वा काका! तुम्हालाही सगळं पाठ आहे की!"

मी त्या माणसाला शिवी दिली. ऑर्विलनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

गाडीत मी म्हणाले, "चूक माझी. पुन्हा बोल. इथं मी एकटीच आहे."

त्यानं गाडीचं दार ओढून घेतलं. मग हळू म्हणाला, "आम्ही इथं राहायला आलो नव्हतो. दार कोण..."

आणि थांबला. माझ्या तोंडाकडं बघत होता. तेव्हा कळलं, माझेही ओठ हलत होते. नुसते हलत नव्हते, मी त्याच्याबरोबर मोठ्यानं म्हणत होते.

"बघ," तो हसला, "तूसुद्धा."

"आता नाही म्हणणार. शपथ."

"राहू दे, व्हर्ना. ते तुमचंच झालंय आता."

मग घरापर्यंत तो यंदाच्या मक्याबद्दल बोलत राहिला, गळक्या छपराबद्दल, शेजाऱ्याच्या वेडसर कुत्र्याबद्दल. माझा आवाज मध्ये येऊ नये म्हणून मी दात घट्ट आवळून ऐकत होते.