काट्याकडे बघेल तर शपथ!

मित्रांनो, मी मासा नाही, कासव नाही, पोवळंही नाही. म्हणूनच समुद्राखाली माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी आहे एक जुना प्रेशर गेज. पाणबुड्याच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं ना, त्यात किती हवा उरली हे सांगणारी तळहाताएवढी तबकडी. रबरी नळीच्या टोकाला मी लोंबकळत असतो. काटा दोनशेवर असला की सिलिंडर भरलेलं. पन्नासच्या लाल पट्ट्यात आला की मुकाट्याने वर निघायचं. एवढं सोपं काम, पण माणसांना ते बघायचंही जिवावर येतं.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला तीनदा दाब देऊन पाहिला आणि "अगदी बरोबर दाखवतो हा," असं म्हणून खोक्यात घातलं. त्यानंतर माझं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मला विकत घेतलं आप्पांनी. आप्पा समुद्रात बुडी मारायला शिकवायचे आणि सुट्टीत देशोदेशीचे समुद्र पालथे घालायचे. थंड समुद्रात मी घराएवढ्या उंच शेवाळाची जंगलं पाहिली, तिथे सील माझी नळी तोंडात धरून ओढायचे. गरम समुद्रात प्रवाळाच्या बागा पाहिल्या. बुडालेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात संसार थाटलेला आठ पायांचा ऑक्टोपस पाहिला, बरं का, आणि हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कांची अख्खी वरातही पाहिली. आप्पांनीही हे सगळं पाहिलं. फक्त मला पाहिलं नाही. समोर समुद्री घोडा दिसला की यांचं भान हरपतं, आणि मी इकडे शंभर, नव्वद, ऐंशी करत बसतो. वर बोटीवर आले की मला खाऱ्या पाण्यासकट फेकणार कोपऱ्यात. गोड्या पाण्याने धुवायला काय हात झिजतात?

पुढे आप्पांचे गुडघे कुरकुरू लागले आणि बोट त्यांच्या मुलीने हाती घेतली. शिकाऊ मंडळी तिला बाई म्हणतात, आप्पा मात्र अजून चिमे म्हणतात. मीही तिच्याकडे आलो. चिमीने मला धुतलं, पुसलं, हे मान्य करायला हवं.

आप्पांची एक जुनी खोड होती. सिलिंडरची चावी, म्हणजे हवेचा नळ, पूर्ण उघडायची आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा. त्यांच्या तरुणपणी सगळे तसंच करत. पण आप्पा स्वतःचं करून थांबतील तर शपथ! दिसेल त्याच्या सिलिंडरला त्यांचा हात जायचाच.

त्या दिवशी बाप-लेक दोघंच निघाले होते. चिमीने चावी उघडली, मी दोनशे दाखवले. मग दोघांची जुंपली.

"आप्पा, अठरा मीटरच्या खाली जायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला पोहता तरी येतं का?"

बोलता बोलता आप्पांनी तिच्या मागे हात घातला. एरवी ते उजवीकडे बसत, आज डावीकडे बसले होते. हाताला दिशा उलटी लागली. चावी फिरतेय म्हटल्यावर त्यांना वाटलं, पोरगी उघडायचीच विसरली. म्हणून उघडतोय असं समजून त्यांनी ती शेवटपर्यंत फिरवली, म्हणजे चक्क बंद केली, आणि सवयीप्रमाणे पाव फेरा मागे घेतला. आता चावी जेमतेम किलकिली. वर श्वास घ्यायला तेवढी पुरते, खोल पाण्यात पुरत नाही. चिमीने श्वास घेतला तसा माझा काटा किंचित थरथरला. अगं, बघ ना! पण बाई भांडणात दंग.

खाली एक खडक होता. तिथे दोन खाटांएवढा पाकट मासा पंख पसरून स्थिर झाला होता आणि चिमुकले मासे त्याचं अंग साफ करत होते, न्हाव्याकडे बसावं तसा तो निवांत होता. आप्पा बघतच राहिले. चिमीही. आणि तिच्या प्रत्येक श्वासाला माझा काटा दोनशेवरून साठावर कोसळत होता, पुन्हा चढत होता. मी आणखी काय करणार होतो? मला ओरडता येत नाही!

मग हवा येईनाशी झाली. तेव्हा कुठे तिने मला उचललं. क्षणात तिला कळलं. तिने हात मागे नेला, पण जाड पोशाखात तो चावीपर्यंत पोहोचेना. तिने आप्पांचा पाय धरून ओढला. आप्पांनी वळून आपली श्वासाची जादा नळी तिच्या तोंडात दिली, माझा काटा पाहिला आणि तिच्या मागची चावी सरसर उघडली. चेहऱ्यावरच्या काचेआड त्यांचे डोळे मला दिसले. ते भयंकर घाबरले होते.

आणि वर आल्यावर काय म्हणाले असतील?

"हा गेज जुना झालाय. काटा अडखळतो. टाकून दे."

मी! मी अडखळतो? चिमीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मला भंगाराच्या बादलीत टाकलं. संतापाने माझी काच फुटायची तेवढी राहिली.

बादलीत, पोहताना पायात घालायच्या फाटक्या रबरी पंखांबरोबर मी नऊ दिवस काढले. त्या नऊ दिवसांत चिमी एकटीच शिकाऊ लोकांना घेऊन गेली. आप्पा धक्क्यावर बसून राहिले. "आज जागा नाही," ती म्हणायची. बोट अर्धी रिकामी असायची.

दहाव्या दिवशी सकाळी आप्पांनी मला बादलीतून काढलं, धुतलं आणि भरलेल्या सिलिंडरला जोडलं. चावी पूर्ण उघडून माझ्याकडे बघत चार श्वास घेतले. काटा दोनशेवर ठाम. ते तसेच मला घेऊन चिमीपुढे उभे राहिले.

"गेज चांगला आहे गं. तुझी चावी मी बंद केली होती."

"माहीत आहे," चिमी म्हणाली. "चावी मी पूर्ण उघडली होती, आणि खाली तुम्ही किती फेरे उघडलेत ते मोजले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"चुकणाऱ्याबरोबर मी कितीही खोल जाईन, आप्पा. पण चूक लपवणाऱ्याबरोबर गुडघाभर पाण्यातही उतरणार नाही."

आप्पांनी मान खाली घातली.

"उद्या सातला या," ती म्हणाली. "आणि माझ्या सिलिंडरला हात लावायचा नाही."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना धुवा, पुसा, हे तर सांगतोच. पण चूक तुमची असेल तर खापर आमच्यावर फोडू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही, आणि ज्याला खरं माहीत असतं तो तुमच्या बोलण्याची वाट बघत शेजारीच उभा असतो.