खडक नव्हताच

आजोबांचं जहाज खडकावर आपटून बुडालं, यावर आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. गाव मात्र म्हणे, मालकाला विमा मिळावा म्हणून आजोबांनीच ते बुडवलं. ते चीफ इंजिनियर. आजोबांसकट वरचे सगळे होडीतून परतले, खाली बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे नऊ भट्टीवाले बुडून गेले. आजोबांनी बुडवलं असं कुणी बोललं की आत्या त्याच्या अंगावर धावून जायची, अगदी चौऱ्याऐंशीव्या वर्षीही. तिच्या बापाच्या नावाचा प्रश्न होता.

कोळ्यांची जाळी समुद्रात एकाच जागी फाटायला लागली, तेव्हा सर्व्हेवाल्यांनी मला पाण्याखाली धाडलं. मी पाणबुड्या, त्याआधी बापाच्या हाताखाली फिटर होतो. निघताना आत्या म्हणाली, "लोकांची तोंडं बंद करून ये एकदाची."

नावाची पाटी गंजून गेली होती. इंजिनावर ठोकलेला नंबर चाकूने खरवडला, तो कारखान्याच्या यादीत तंतोतंत सापडला. जहाज तेच. कुशीवर पडल्यामुळे तळ उघडा होता, आणि त्याला साधा पोचाही नव्हता.

इंजिनखोलीत समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह सताड उघडा होता आणि पुढच्या पाइपचं झाकण काढलेलं. काढलेले आठही पितळी नट ज्याच्या त्याच्या बोल्टवर पुन्हा चढवून ठेवले होते. नट हरवू नयेत म्हणून आम्ही तसंच करतो; बापाने मला ते थपडा मारून शिकवलं, त्याला आजोबांनी. मला तिथेच त्या माणसाची किळस आली.

आत्या स्वयंपाकघरात बसली होती.

"खडक नव्हता, आत्या. आतून उघडलंय," मी म्हणालो, आणि नटांचं सांगितलं.

"घाबरून केलं असेल. घाईत."

"घाईत कुणी नट परत चढवत नाही."

"खालच्यांना हाक तरी मारली असेल ना रे?"

एरवी खोटं बोलताना माझी जीभ अडत नाही. त्या वेळी अडली.

"फावडी भट्टीपुढेच पडलीयत. बुटांचे तळही तिथेच आहेत."

आत्या भिंतीला धरून उठली.

"एका भट्टीवाल्याची मुलगी शाळेत माझ्या बाकावर बसायची," ती म्हणाली. "बाप गेल्यावर रडत आपल्या दारात आली होती, तुझ्या बापानेच जहाज बुडवलं म्हणत. मी तिला खोटारडी म्हणून हाकललं. पुढच्या गल्लीत राहते ती अजून. चपला दे माझ्या."