दिवा कुठं होता?

मित्रांनो, मी काळेवाडीतल्या एका फोटो स्टुडिओतला जुना दिवा आहे. तीन पायांच्या स्टँडवर उभा असलेला, डोक्यावर पांढरी छत्री धरलेला हॅलोजनचा दिवा. तोंडदेखलं गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मला सावलीचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड होईल इतका!

का वाटू नये? सगळा जन्म मी तिला हुसकावण्यात घालवला आणि शेवटी मानाचा पाट तिलाच मिळाला.

स्टुडिओचे मालक इब्राहिमभाई. त्यांनी मला पुण्याहून आणलं तेव्हा बसमध्ये स्वतः उभे राहिले आणि मला सीटवर बसवलं. माझी केवढी ऐट होती तेव्हा! चाकणला नव्या नव्या कंपन्या येत होत्या. बीडची, लातूरची, नांदेडची पोरं कामाला येत आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी आमच्या दारात रांग लावत. इब्राहिमभाई म्हणायचे, "कानामागं सावली पडली की फोटो परत आलाच समजा." मग मी समोरून असा उजेड टाकायचो की सावली बिचारी दाराबाहेर पळायची. लोक म्हणत, इब्राहिमभाईंच्या फोटोत डाग शोधून सापडायचा नाही. माझी काच रोज मऊ कापडानं पुसली जायची.

आमच्या या पट्ट्यात प्रेसशॉप पुष्कळ. पत्र्याला आकार देणाऱ्या त्या यंत्रात कधीकधी कामगाराची बोटं जातात. अशा माणसाचे आमच्याकडं दोन फोटो निघायचे. एक भरपाईच्या कागदांना जोडायला. त्यात पांढऱ्या कागदावर नुसता हात ठेवायचा आणि वरून मी. दुसरा लग्नाच्या स्थळासाठी. त्यात हातापुढं कागदी फुलांची कुंडी ठेवायची, म्हणजे काही दिसायला नको. एकात सगळं दाखवायचं, दुसऱ्यात सगळं झाकायचं. दोन्हीकडं मीच लागायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

मग यास्मिन मोठी झाली. यास्मिन म्हणजे इब्राहिमभाईंची लेक. तिचा पाळण्यातला पहिला फोटो माझ्या उजेडात निघालेला, हे ध्यानात ठेवा. फोटोग्राफी शिकून ती परत आली ती सावलीचं वेड डोक्यात घेऊनच. कासारवाडी स्टेशनच्या जिन्याची सावली, दोरीवरच्या कपड्यांची सावली, रिक्षावाल्याच्या तोंडावर पडलेली टपाची सावली. सगळे फोटो काळे-पांढरे.

इब्राहिमभाई वैतागले. "अगं, अर्धं तोंड काळं आलंय! गिऱ्हाईक माझ्या अंगावर येईल."

"अब्बा, सगळंच दिसलं तर बघणारा थांबेल कशाला?" ती म्हणाली. "रंग काढून टाकला की उजेड आणि अंधार दोघंच उरतात. मग सावली बोलते."

सावली बोलते! आणि मी काय आजवर मुका होतो? घरची करते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा, दुसरं काय! यास्मिननं मला माळ्यावर चढवलं. खाली भिंतीवर सावल्यांना चौकटी मिळाल्या, त्या चौकटी ती रोज पुसायची, आणि माझ्या छत्रीत पालीनं संसार मांडला. त्यात कुणीतरी म्हणालं, मराठीत फोटोला छायाचित्र म्हणतात. घ्या! नावसुद्धा हिनंच पळवलं. ना रूप, ना रंग, जमिनीवर लोळणारी ही बया, आणि हिचं कौतुक मी वरून बघत बसायचं.

एका दुपारी कुसुमताई आपल्या मुलीला, करिष्माला घेऊन आल्या. माणसं लातूरकडची, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. प्रेसवर काम करताना करिष्माच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. कुंडीवाला फोटो आम्हीच काढला होता. तो बघून दोन स्थळं आली. पोरीनं चहा पुढं केला, हात दिसला, आणि "फसवलंत तुम्ही" म्हणून दोन्ही वेळा माणसं उठून गेली. आता तिसरं स्थळ होतं, चाकणला कामाला असलेल्या संघर्षचं. त्यांना फोटो त्याच दिवशी पाठवायचा होता.

"इब्राहिमभाई, या वेळी कुंडी जरा मोठी घ्या," कुसुमताई म्हणाल्या.

"कुंडी नको," करिष्मा म्हणाली. "हात दिसू द्या."

"अगं माय, वेड लागलं का तुला?"

"दोनदा लपवला, आई. दोनदा माणसं चहा अर्धा टाकून उठली. नाही म्हणायचं असेल तर आता फोटो बघूनच म्हणू द्या. पुन्हा माझ्या तोंडावर नको."

इब्राहिमभाईंनी मला माळ्यावरून उतरवलं. माझा आनंद काय सांगू! हात दाखवायचाय ना, मग तिथं सावलीचं काय काम? मी समोर उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा उजेड तिच्यावर ओतला.

करिष्मानं फोटो बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "हा तर भरपाईच्या कागदासारखाच आलाय. यात मी कुठंय? नुसता हातच दिसतोय."

मला ते फार लागलं. पण पोर खोटं बोलत नव्हती.

यास्मिननं मग तिला खिडकीपाशी बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं, आणि आली लगेच महाराणी, भिंतीवर पसरून बसली. एवढ्यात ढग आला. ऊन गेलं आणि सावलीही गेली. चांगली खोड मोडली, म्हटलं! हात असते तर टाळ्या पिटल्या असत्या. पण ढग काही हलेना. करिष्माची सेकंड शिफ्टची बस यायची वेळ झाली. ती जरा थांबवायला इब्राहिमभाई नाक्याकडं धावले. करिष्मा ओढणीनं डोळे पुसत उठली. "राहू द्या, यास्मिनताई. घ्या ती कुंडी."

"थांब जरा," यास्मिन म्हणाली. तिनं खोलीतल्या ट्यूब बंद केल्या, माझी छत्री काढली आणि मला समोरून उचलून करिष्माच्या एका बाजूला, अगदी कडेला नेऊन ठेवलं. मी बोडका, कोपऱ्यात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "करिष्मा, रोज घालतेस तशी वेणी घाल. माझ्याकडं बघू नको."

करिष्मानं केस खांद्यावरून पुढं घेतले. तिची तीन बोटं सराईतपणे पेड घालू लागली. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. हातावरचे लालसर वण काळ्या-पांढऱ्यात कातडीत मिसळून गेले. बोटं जिथं संपत होती तिथं ती संपलेली दिसत होती, लपलेलं काही नव्हतं. आणि मागं भिंतीवर तिची, वेणीची, हाताची मोठी सावली पडली होती.

कुसुमताई कितीतरी वेळ तो फोटो बघत राहिल्या. "हीच माझी लेक," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी ती कुंडीच बघत होते बाई."

आणि मग सुरू झालं! सावली काय पडलीय, भिंत काय बोलतेय! शेजारीपाजारी येऊन बघून गेले. माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा तेच. मी आतल्या आत धुमसत राहिलो.

रविवारी एक तरुण स्टुडिओत आला. फोटोच्या कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव वाचून तो आम्हाला शोधत आला होता. गळ्यापासून कानापर्यंत भाजल्याचा मोठा डाग. तोच संघर्ष.

"मी भट्टीवर कामाला आहे," तो म्हणाला. "माझा जो फोटो तिच्याकडं गेलाय ना, त्यात गावाकडच्या स्टुडिओनं हा डाग पुसून टाकलाय. तिनं काही झाकलं नाही, मग मी का झाकू? डाग दिसेल असा फोटो काढा आणि आधी तिला पाठवा. मग ती हो म्हणू दे, नाही म्हणू दे."

इब्राहिमभाईंनी ती कागदी फुलांची कुंडी उचलली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "यास्मिन, तू कसं केलं होतंस? दिवा कुठं होता?"

यास्मिननं करिष्माच्या फोटोकडं बोट दाखवलं. "सावली बघा ना अब्बा. ती कुठं पडलीय ते बघितलं की दिवा कुठं होता ते कळतं."

मित्रांनो, मी ऐकतच राहिलो. जिच्या नावानं मी बोटं मोडत होतो, ती प्रत्येक फोटोत माझाच पत्ता सांगत होती. मीच आंधळा! इब्राहिमभाईंनी फोटो नीट न्याहाळला, खिशातल्या रुमालानं माझी काच पुसली आणि मला बरोबर त्या जागी ठेवलं.

पुढं करिष्मा आणि संघर्षचा जोडीचा फोटोही माझ्याच उजेडात निघाला. तिचा हात त्याच्या खांद्यावर, त्याच्या गळ्यावर डाग, आणि भिंतीवर दोघांची मिळून एकच सावली. तो आता स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय. येणारा-जाणारा थांबतो आणि काय म्हणतो? "व्वा, सावली बघा!"

हेवा गेला का म्हणाल, तर नाही गेला. जन्माची खोड आहे, ती इतक्यात जायची नाही. पण तुमच्याकडं एक मागणं आहे. घरात एखादा जुना दिवा धूळ खात पडला असेल, तर त्याला पुसा. कुणाच्या तोंडावर रोखू नका, जरा बाजूला ठेवून बघा. आणि सावलीचं कौतुक खुशाल करा, पण करून झालं की एकदा तरी विचारा, दिवा कुठं होता?